सुट्या टाक्यांपासून संपूर्ण प्लांटपर्यंत: कंपनी वाढते ती कशावर?

प्रश्न असा आहे: "गोकुळ शिरगावात आमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. टाक्या, कॉलम, हीट एक्स्चेंजर बनवतो. बरंचसं काम साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीचं असतं. आता एका कारखान्याने स्पेंटवॉशचा, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा, अख्खा बाष्पीभवन विभाग, डिझाइनपासून कमिशनिंगपर्यंत म्हणजे संच चालू करून देईपर्यंत, साधारण सहा कोटींत करून द्याल का असं विचारलंय. घ्यावं का? टाक्या बनवणारी कंपनी प्लांट इंजिनिअरिंग कंपनी नेमकी कशी होते?"

काम घ्या. पण प्रक्रियेची हमी पहिल्याच कामात एकट्याच्या अंगावर घेऊ नका. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. माझी सगळी नोकरी पुण्याच्या पट्ट्यातल्या प्लांट कंपन्यांत प्रोसेस डिझाइन आणि प्रकल्प विभागांत झाली. तिथे कंपन्या वाढतानाही पाहिल्या आणि बसतानाही.

तुम्ही टाकी विकता तेव्हा तुमची जबाबदारी ड्रॉइंगपुरती असते. प्लेटचं सर्टिफिकेट बरोबर आहे, वेल्डरची पात्रता आहे, रेडिओग्राफी पास झाली, हायड्रो टेस्टला गळती नाही, तपासणी संस्थेने शिक्का मारला, की विषय संपला. प्लांटचं तसं नाही. हे सगळं उरकल्यावर खरी जबाबदारी सुरू होते. इतका स्पेंटवॉश आत जाईल, इतक्या घनतेचा बाहेर येईल, त्याला एवढीच वाफ आणि एवढीच वीज लागेल, आणि ट्यूब धुवायला इतक्या दिवसांनीच थांबावं लागेल, असं तुम्ही लिहून देता. कंपनी किती मोठी झाली हे मी शेडच्या क्षेत्रफळावरून किंवा हातातल्या ऑर्डरींवरून ठरवत नाही. ती कशाची हमी देऊ शकते आणि दिलेली हमी स्वतःच्या खिशातून निभावू शकते का, यावरून ठरवतो.

लार्सन अँड टुब्रोचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोघे डॅनिश इंजिनिअर एफ. एल. स्मिथ या सिमेंट यंत्रसामग्रीच्या कंपनीच्या कामाने भारतात आले आणि 1938 मध्ये मुंबईत त्यांनी स्वतःची भागीदारी सुरू केली. सुरुवातीचा धंदा म्हणजे डेन्मार्कहून दुग्धव्यवसायाची यंत्रं आणून विकणं. महायुद्ध पेटलं, 1940 मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला आणि माल येणं बंद झालं. मग छोट्या वर्कशॉपमध्ये दुरुस्ती आणि जुळणीची कामं सुरू झाली. त्याच काळात टाटांच्या सोडा ॲशच्या कारखान्याची उभारणी अडली होती. त्यासाठी आलेले जर्मन इंजिनिअर युद्धामुळे स्थानबद्ध झाले होते. ती उभारणी या दोघांनी अंगावर घेतली. लक्षात घ्या, प्रक्रिया त्यांची नव्हती, डिझाइनही त्यांचं नव्हतं. त्यांनी उभारणीची हमी घेतली, कारण तेवढं त्यांना येत होतं. पुढे 1944 मध्ये बांधकामाची वेगळी कंपनी निघाली, 1946 मध्ये एल अँड टी प्रायव्हेट लिमिटेड झाली, 1948 मध्ये पवईची 55 एकर दलदलीची आणि झाडाझुडपांची जागा घेतली गेली. एकेक पायरी आधीच्या पायरीवर जमलेल्या कौशल्याला धरून होती. आज त्या कंपनीचा पसारा पाहून दिपून जाण्यापेक्षा पहिल्या दहा वर्षांतला हा क्रम तुमच्यासारख्या उद्योजकाने नीट अभ्यासावा असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या धंद्याच्या जास्त जवळचं उदाहरण म्हणजे प्राज. आयआयटी मुंबईतून मेकॅनिकल इंजिनिअर झालेल्या प्रमोद चौधरींनी 1980 च्या दशकात पुण्यात ही कंपनी सुरू केली आणि डिस्टिलरी हे एकच क्षेत्र घट्ट धरून ठेवलं. किण्वन, ऊर्ध्वपातन, आणि त्यातून निघणाऱ्या सांडपाण्याचं काय करायचं, हे तीन प्रश्न. पुण्याजवळ उरवडे इथे त्यांनी संशोधन केंद्र उभारलं. माझ्या मते या कंपनीची वाढ समजून घ्यायची तर तिच्या शेडपेक्षा ती प्रयोगशाळा आधी बघायला हवी. तांदळाच्या पेंढ्यापासून इथेनॉल, ज्याला दुसऱ्या पिढीचं म्हणतात, त्याचा प्रवास पाहा. आधी प्रयोगशाळा, मग प्रायोगिक संच, मग 2017 मध्ये दौंड तालुक्यातल्या राहू इथे वर्षाला सुमारे 10 लाख लिटर क्षमतेचा प्रात्यक्षिक प्रकल्प, आणि ऑगस्ट 2022 मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा, वर्षाला सुमारे 3 कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प. दहा लाखांवरून तीन कोटी म्हणजे तीसपट उडी. अशा उडीत कुठल्या गोष्टी क्षमतेबरोबर सरळ वाढतात आणि कुठल्या नाहीत, हे मधल्या प्रकल्पाशिवाय कळत नाही. पेंढ्यातली माती, सिलिका, ओलावा यांचा त्रास बीकरमध्ये दिसत नाही, कन्व्हेयरवर दिसतो. राहूसारखा प्रकल्प बांधायला पैसा लागतो आणि त्यातून लगेच कमाई होत नाही. पण पुढची हमी त्याच्याच जोरावर दिली जाते.

आता तुमच्या बाष्पीभवन विभागाकडे येऊ. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण छोट्या कंपन्या नेमक्या इथेच फसतात.

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश निघतो. तो नदीत सोडता येत नाही, द्रवरूप सांडपाणी आवाराबाहेर जाता कामा नये अशी अट असते. म्हणून तो आटवून दाट करायचा, साधारण 55 ते 60 ब्रिक्सपर्यंत (म्हणजे शंभर भागांत 55 ते 60 भाग घन) न्यायचा, आणि स्लॉप बॉयलरमध्ये बगॅस (उसाचा चोथा) किंवा कोळशाच्या जोडीने जाळायचा. कागदावर हे सोपं गणित आहे. किती टन आत, किती टन बाहेर, मधलं पाणी उडवायचं, इफेक्ट (एकामागोमाग एक बाष्पीभवनाचे टप्पे) किती, वाफ किती. मास बॅलन्स कुणीही हुशार मुलगा दोन दिवसांत बसवून देईल.

गोची आहे ती ट्यूबच्या आतल्या थरात. मळीच्या स्पेंटवॉशमध्ये कॅल्शियम असतं, सल्फेट असतं, पोटॅश असतं, शिवाय यीस्टचा गाळ आणि चिकट सेंद्रिय पदार्थ. दाटपणा वाढला की कॅल्शियम सल्फेट ट्यूबवर बसायला लागतं. ते नुसत्या कॉस्टिक सोड्याने निघत नाही. पहिल्या आठवड्यात संच डिझाइनपेक्षा जास्त चालतो आणि सगळे खुश असतात. मग उष्णता वहन घटतं, वाफेचा दाब वाढवावा लागतो, शेवटच्या इफेक्टमधून दाट माल पुढे सरकत नाही, आणि कारखाना म्हणतो की क्षमता मिळत नाही. बाष्पीभवन मागे पडलं की स्पेंटवॉशची टाकी भरते, टाकी भरली की डिस्टिलरी बंद ठेवावी लागते. सहा कोटींच्या तुमच्या विभागामुळे कारखान्याचा कित्येक पट मोठा प्लांट थांबतो. त्या दिवशी चेअरमन साहेबांसमोर तुमच्या उत्कृष्ट वेल्डिंगचं कौतुक कुणी करत नाही.

याचा दुसरा पदर धोरणाचा आहे. 7 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने उसाचा रस आणि सिरप इथेनॉलकडे वळवण्यावर बंदी घातली. थोड्याच दिवसांत ती अंशतः सैल केली आणि पुढच्या हंगामासाठी 2024 च्या ऑगस्टमध्ये काढून टाकली. दरम्यान ज्या डिस्टिलऱ्या रसावर किंवा बी-हेवी मळीवर (जिच्यात अजून बरीच साखर असते) चालायच्या होत्या त्यांना सी-हेवीवर, म्हणजे साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीवर, जावं लागलं, काहींनी मका आणि तांदळाची कणी यांची जोड केली. बातम्यांत हे साखरेच्या दराचं राजकारण म्हणून आलं. बाष्पीभवन करणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की त्याच्या संचात येणारा द्रवच बदलला. रसाच्या स्पेंटवॉशमध्ये क्षार कमी असतात, सी-हेवीच्या स्पेंटवॉशमध्ये बरेच जास्त, आणि धान्यापासून उरणारा पातळ द्रव, म्हणजे स्लॉप, तर वेगळाच, त्यात प्रथिनं असतात. तुम्ही रसाच्या स्पेंटवॉशवर तीस दिवसांच्या सलग चालण्याची हमी दिलीत आणि कारखान्याने सी-हेवी मळी घातली, तर करारात फीडची (संचात येणाऱ्या द्रवाची) व्याख्या नसेल तेव्हा दोष तुमचाच ठरतो. म्हणून हमीच्या तक्त्याआधी फीडचा तक्ता जोडला पाहिजे: एकूण घन, विरघळलेले आणि न विरघळलेले वेगळे, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅश, आम्लता, तापमान, आणि कुठल्या कच्च्या मालापासून. प्रत्येकाला वरची मर्यादा. हा एक कागद तुमच्या सगळ्या पुस्तिकांपेक्षा मोलाचा आहे.

पैशाचं गणित आता मांडू. सहा कोटींच्या कामात समजा 10 टक्के ॲडव्हान्स, मालाच्या डिस्पॅचवर 70 टक्के, कमिशनिंगवर 10 आणि परफॉर्मन्स टेस्ट पार पडल्यावर शेवटचे 10 टक्के. नफा तुम्ही 10 टक्के धरला असेल, म्हणजे 60 लाख. शेवटचा हप्ताही बरोबर 60 लाखच आहे. म्हणजे टेस्ट पार पडेपर्यंत तुम्ही बिनानफ्याने काम केलेलं असतं. कमिशनिंगचा हप्ता धरला तर सव्वा कोटीच्या आसपास रक्कम दुसऱ्याच्या हातात. ॲडव्हान्ससाठी 60 लाखांची बँक गॅरंटी, पुढे परफॉर्मन्ससाठी तेवढीच दुसरी. बँकेने 20 टक्के मार्जिन मागितलं तर 24 लाख एफडीत अडकले. उशीर झाल्यास आठवड्याला अर्धा टक्का दंड म्हणजे 3 लाख, कमाल 5 टक्के धरले तरी 30 लाख, म्हणजे अर्धा नफा. उशीर तुमच्यामुळे होईल असंही नाही. पाया सिव्हिल कंत्राटदाराने वेळेत दिला नाही, क्रेनला रस्ता नाही, वीज जोडणी नाही, आणि तिकडे बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख पत्रिकेवर छापून झालेली. मोळी पडली, गळीत हंगाम सुरू झाला, की कारखान्यातल्या कुणालाही तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. तेव्हा साइटवर तुमचा माणूस रोजची डायरी लिहून संध्याकाळी ईमेलने पाठवत नसेल, तर नंतर कुणाचा उशीर हे सिद्ध करता येत नाही.

टाक्यांच्या धंद्यात हे जाणवत नाही, कारण तिथे पैसा दोन-तीन महिन्यांत फिरतो. प्लांटच्या कामात तो दीड-दोन वर्षं अडकू शकतो. उलाढाल दुप्पट झाली आणि पगाराला पैसे नाहीत, ही अवस्था मी चांगल्या, प्रामाणिक कंपन्यांची पाहिली आहे. ताळेबंदात नफा दिसत असतो, कारण पूर्ण झालेल्या टक्केवारीप्रमाणे उत्पन्न मोजतात. तो नफा बँकेत आलेला नसतो.

बँक गॅरंटीबद्दल एक खटला सांगण्यासारखा आहे, योगायोगाने तोही इथेनॉलचाच. सायमन कार्व्ह्ज ही जुनी ब्रिटिश प्रोसेस इंजिनिअरिंग कंपनी. इंग्लंडमध्ये टीसाइडला एन्सस या कंपनीसाठी तिने बायोइथेनॉलचा प्लांट उभारला. प्लांटमधून दुर्गंधी येते असा वाद झाला आणि मालकाने परफॉर्मन्स बाँडची, म्हणजे कामाच्या हमीपोटी दिलेल्या गॅरंटीची, रक्कम मागितली. करारात मात्र स्पष्ट लिहिलं होतं की स्वीकृती प्रमाणपत्र दिल्यावर बाँड रद्दबातल होईल. 2011 मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्या वाक्याच्या आधारे मालकाला रोखलं. एरवी मागताक्षणी देय असलेल्या बाँडच्या बाबतीत न्यायालयं सहसा हात घालत नाहीत, आपल्याकडेही नाहीत. तेव्हा गॅरंटी कधी, कुठल्या कागदाने संपते हे करारात लिहून घ्या. आणि कमिशनिंगनंतर ठराविक दिवसांत परफॉर्मन्स टेस्ट कारखान्याच्या कारणाने झाली नाही तर ती झाली असं मानलं जाईल, हे वाक्यही हट्टाने घाला. संपूर्ण जबाबदारीला कराराच्या रकमेची मर्यादा असावी आणि बुडालेल्या उत्पादनाची भरपाई वगळलेली असावी. पहिल्या कामाच्या उत्साहात लोक या दोन ओळी सोडून देतात.

त्या खटल्यातल्या कंपनीचं पुढे काय झालं तेही सांगतो. सायमन कार्व्ह्ज तेव्हा पुंज लॉइडच्या मालकीची होती. पुंज लॉइडने 2006 मध्ये सिंगापूरची सेंबावांग इंजिनिअर्स विकत घेतली आणि तिच्याबरोबर ही ब्रिटिश कंपनीही आली. एका खरेदीने पाइपलाइनच्या कामात मुरलेली भारतीय कंपनी एकदम रासायनिक प्लांटची हमी देणारी झाली. पण ज्या करारांवर आधीच सह्या झाल्या होत्या त्यांतली जोखीमही विकत आली. 2011 मध्येच सायमन कार्व्ह्ज दिवाळखोरीत गेली. 2019 मध्ये पुंज लॉइड स्वतः दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. त्याला इतरही कारणं होती, कर्ज होतं, मंदी होती. तरी विकत घेतलेली क्षमता आणि कमावलेली क्षमता यांतला फरक मला या प्रकरणात फार ठळक दिसतो.

माणसांविषयी. बहुतेक मालक प्लांटच्या धंद्यात शिरताना आधी मार्केटिंगचा माणूस घेतात. मी उलट सांगेन. पहिला माणूस असा प्रोसेस इंजिनिअर घ्या ज्याने रात्रपाळीला उभं राहून दोन-तीन संच सुरू केले आहेत. नुसता डिझाइन केलेला नको. संच बंद पडल्यावर कुठला वॉल्व्ह आधी बघायचा हे ज्याला कळतं, त्याच्या पीअँडआयडीत (पाइप, वॉल्व्ह आणि उपकरणांच्या ड्रॉइंगमध्ये) ड्रेन आणि बायपास योग्य जागी असतात. दुसरा माणूस एस्टिमेशनचा. तुमच्याकडे टाक्यांच्या वजनाचा अंदाज पक्का असेल, तो सवयीने येतो. प्लांटमध्ये अंदाज चुकतो तो पाइपिंग आणि स्ट्रक्चरमध्ये, कारण कोटेशन देताना लेआउट ठरलेला नसतो. मग कारखाना म्हणतो संच दहा मीटर पलीकडे सरकवा, पाइप रॅक लांबते, प्लॅटफॉर्म वाढतात, आणि वाढीव टनांचे पैसे कुणी देत नाही. तेव्हा कोटेशनमध्ये लेआउटचं ड्रॉइंग क्रमांकासह जोडा आणि पाइपिंग-स्ट्रक्चरचं प्रमाण लिहून वरच्या टनाला दर ठरवा. प्रत्येक काम संपल्यावर अंदाजातलं वजन आणि प्रत्यक्ष वजन, अंदाजातले मनुष्यतास आणि प्रत्यक्ष तास एका तक्त्यात मांडून ठेवा. पाचव्या कामाला हा तक्ता तुमची खरी मालमत्ता होतो.

आणि शक्यतो तोच संच पुन्हा विका. त्याच क्षमतेचा, त्याच ड्रॉइंगचा. इंजिनिअरना नवीन काही करायचा मोह असतो, मलाही होता, पण नफा पुनरावृत्तीत आहे.

शेड वाढवण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. थरमॅक्सकडे बघा. 1966 मध्ये वॅन्सन इंडिया म्हणून सुरू झालेली, छोटे बॉयलर बनवणारी ही कंपनी ऊर्जा आणि पर्यावरणाच्या क्षेत्रात फार मोठी झाली. 2000-01 मध्ये तिला तोटा झाला, तेव्हाच्या अध्यक्ष अनू आगा यांनी संचालक मंडळ बदललं आणि मूळ कामाशी संबंध नसलेले धंदे सोडून दिले. इतक्या सावध कंपनीलाही पुढे बाजाराने चकवलं. 2010 मध्ये बॅबकॉक अँड विल्कॉक्सबरोबर भागीदारी करून वीज प्रकल्पांच्या मोठ्या बॉयलरसाठी सातारा जिल्ह्यात शिरवळला कारखाना उभारला गेला. तो तयार होईपर्यंत खासगी वीज प्रकल्पांची लाट ओसरली, 2014 मध्ये कोळसा खाणपट्टेही रद्द झाले. 2018 मध्ये थरमॅक्सने भागीदाराचा हिस्सा घेतला आणि त्या शेड औद्योगिक बॉयलर आणि इतर कामांकडे वळवल्या. थरमॅक्सचा पाया भक्कम होता म्हणून तिने ते पेललं. इथेनॉलच्या लाटेवर विसंबून तुम्ही कर्ज काढून शेडचा नवीन बे (भाग) बांधणार असाल तर आधी हे आठवा. पेट्रोलमध्ये 20 टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठून झालं आहे. नव्या डिस्टिलऱ्या आता त्याच वेगाने निघत राहतील असं गृहीत धरू नका. जुन्या संचांची सुधारणा, क्षमतावाढ, स्पेंटवॉशची दुरुस्तीची कामं मात्र बरीच वर्षं मिळतील आणि तुमच्या आकाराच्या कंपनीला तीच शोभतात.

तर आत्ताच्या चौकशीला असं उत्तर द्या. पुरवठा, उभारणी आणि यांत्रिक हमी पूर्ण तुमची. प्रक्रियेचं डिझाइन आणि परफॉर्मन्सची हमी बाष्पीभवनात मुरलेल्या एखाद्या डिझाइन कंपनीकडून घ्या, तिला फी द्या, आणि हमी चुकल्यास तिचा वाटा किती हे तिच्याशी लेखी ठरवा. तुमचा नफा यात दोन-तीन टक्क्यांनी कमी होईल. त्या बदल्यात डिझाइनच्या बैठकांना तुमचा इंजिनिअर बसेल आणि कमिशनिंगला त्यांच्या माणसाबरोबर उभा राहील, ही अट घाला. असे दोन संच झाले की तिसऱ्याची हमी स्वतः घ्यायचा विचार करा.

दरम्यान ज्या कारखान्याचं काम आहे तिथला स्पेंटवॉश हंगामभर तपासा. एक नमुना पुरत नाही. हंगामाची सुरुवात, मध्य आणि शेवट यांत मळी बदलते, आणि बंद काळात साठवलेल्या मळीवर डिस्टिलरी चालते तेव्हा पुन्हा वेगळी असते. नमुना लगूनमधून (उघड्या साठवण तळ्यातून) घेऊ नका, तिथे पावसाचं पाणी आणि खाली बसलेला गाळ दोन्ही असतात. ॲनालायझर कॉलमच्या, म्हणजे जिथे अल्कोहोल वेगळं होऊन स्पेंटवॉश खाली उरतो त्या कॉलमच्या, तळातून निघणाऱ्या लाइनवरून घ्या. अर्धा कारखान्याच्या प्रयोगशाळेत द्या, अर्धा बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, आणि दोन्ही अहवालांवर डिस्टिलरी मॅनेजरची तारखेसह सही घेऊन ते कोटेशनला जोडा.